शेडमधली हवा आणि दहावीचं इंग्रजी : तासगाव तालुक्यातल्या एका सेमी वर्गाचं प्रकरण

मागच्या बॅचच्या सहामाही पेपरला मी एक प्रश्न घातला होता. धुतलेले कपडे मार्चमध्ये तासाभरात वाळतात आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस वाळत नाहीत, याचं शास्त्रीय कारण लिहा. वर्ग सेमी-इंग्रजीचा, त्यामुळे प्रश्नही इंग्रजीत आणि उत्तरही इंग्रजीत. एका मुलीनं चार ओळी लिहिल्या होत्या. गाइडमधली सापेक्ष आर्द्रतेची (हवेत जेवढं बाष्प मावू शकतं त्यातलं किती टक्के आहे, त्याची) व्याख्या शब्दन्‌शब्द उतरवलेली, वर सूत्र, सूत्राला चौकट. त्यात कपडे कुठेच नव्हते, मार्च नव्हता आणि ऑगस्टही नव्हता. मी शून्य दिलं.

पेपर वाटून झाल्यावर तिला जवळ बोलावलं आणि मराठीत विचारलं, "कपडे का गं वाळत नाहीत पावसाळ्यात?" ती म्हणाली, "मॅडम, हवाच वली असती की तवा. ती आणि पाणी कुठं घेणार?"

हे पूर्ण उत्तर आहे. दोनपैकी दोन गुणांचं. पण ते कागदावर नव्हतं, आणि बोर्डाच्या परीक्षेत तपासणारा तिला जवळ बोलावून विचारणार नव्हता. त्या दिवसापासून हा धडा मी ज्या पद्धतीनं शिकवत होते ती मला पुढे चालवणं शक्य झालं नाही. पुढच्या दीड वर्षात काय केलं, कुठं चुकलं आणि काय साधलं, ते इथे मांडते आहे. आपल्याकडे सेमीला विज्ञान शिकवणारे शेकडो शिक्षक याच अडचणीत आहेत. त्यातल्या कुणाला यातला एखादा तुकडा जरी उपयोगी पडला तरी हवा आहे.

वर्ग आणि त्याच्या तीन भाषा

शाळा तासगावच्या पूर्वेकडच्या एका गावात. सेमी म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मुलांच्या घरी द्राक्षबागा आहेत, काहींची स्वतःची बेदाणा शेडं आहेत, आणि बऱ्याच जणांचे आईवडील त्याच बागांत आणि शेडांत रोजानं कामाला जातात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुलं मराठीतून इंग्रजीत जातात, म्हणजे दोन भाषा. वर्गात उभं राहिलं की तीन दिसतात. घरी हवा 'वली' असते किंवा 'दमट'. मराठी माध्यमाच्या पुस्तकात तीच हवा 'आर्द्र' होते. सेमीच्या पुस्तकात ती 'ह्युमिड' असते. आपण शिक्षक इंग्रजी शब्द अडला की पटकन पुस्तकी मराठी शब्द सांगतो आणि मुलाला समजलं असं धरून चालतो. 'रिलेटिव्ह ह्युमिडिटी म्हणजे सापेक्ष आर्द्रता' हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. एका अनोळखी शब्दाच्या जागी मी दुसरा अनोळखी शब्द ठेवत होते.

'व्हेपर'चं तर याहून अवघड. 'बाष्प' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून मी 'वाफ' म्हणायची. पण मुलांच्या लेखी वाफ म्हणजे चहाच्या कपावर दिसते ती, पांढरी. ती मुळात पाण्याच्या बारीक थेंबांची असते. हवेतलं बाष्प दिसत नाही. म्हणजे सोपा शब्द वापरून मी चुकीची कल्पना डोक्यात घालत होते, आणि मग 'हवेत बाष्प आहे तर दिसत का नाही' या प्रश्नावर मुलं गप्प बसत होती. भाषेची अडचण आणि विषयाची अडचण एकाच जागी गाठ मारून बसलेल्या असतात, हे मला या एका शब्दानं शिकवलं.

विषय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या पद्धतीला युरोपात क्लिल म्हणतात. १९९४ मध्ये डेव्हिड मार्श या अभ्यासकांनी हे नाव रूढ केलं. तिकडच्या वर्गांची परिस्थिती वेगळी आहे, तरी याच पद्धतीच्या अभ्यासक डो कॉइल यांची एक मांडणी मला थेट उपयोगी पडली. त्या भाषेचे तीन भाग करतात : विषयाची स्वतःची भाषा, विषय शिकताना वर्गात वापरावी लागणारी भाषा, आणि शिकता शिकता नव्यानं गरज पडते ती भाषा. मी फक्त पहिलीवर, म्हणजे पारिभाषिक शब्दांवर, जोर देत होते. 'मला असं वाटतं कारण...', 'हे वाढलं तर ते कमी होतं' ही दुसरी भाषा मी कधी शिकवलीच नव्हती. ती इंग्रजीच्या तासाला येत असेल असं मी धरून चालले होते आणि इंग्रजीचे सर धरून चालले होते की ती माझ्या तासाला येत असेल.

शेडमध्ये

दहावीचा 'उष्णता' हा धडा आमच्याकडे ऑगस्टमध्ये येतो. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. ज्या काळात मुलांच्या डोळ्यांसमोर हवा पाणी ओढून घेत असते त्या काळात हा धडा नसतो, आणि धडा असतो तेव्हा शेडं रिकामी असतात. डिजिटल साहित्य करायचं खरं कारण हे होतं. मला मार्च महिना ऑगस्टमध्ये आणायचा होता.

म्हणून नववीच्या मुलांना घेऊन फेब्रुवारीच्या अखेरीला शाळेजवळच्या एका शेडवर गेले. मालकांना गावात सगळे आप्पाच म्हणतात. वर पत्रा, बाजूंना हिरवी शेडनेट, आत एकावर एक जाळ्यांचे थर. बागेतून आलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरत होते. मण्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. या द्रावणानं तो थर मोडतो आणि पाण्याला वाट मिळते. एका मुलानं विचारलं, "आप्पा, उन्हात का टाकत न्हाई? लवकर वाळंल की."

आप्पा म्हणाले, "उन्हात टाकला तर हिरवा रंग जातोय, काळा पडतोय. आणि वाळवायला ऊन लागतंय असं लोकांस्नी वाटतंय. ऊन न्हाई, वारं लागतंय. कोरडं वारं."

मी ते मोबाइलवर टिपलं. पन्नास सेकंदांची ती क्लिप पुढे सगळ्या साहित्याचा कणा झाली.

त्याच फेरीत एक हिशोब निघाला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हे इथलं लहान पोर पण सांगतं. आम्ही ते तपासलं. द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी, चांगल्या बेदाण्यात साधारण १५ टक्के. १०० किलो द्राक्षांत घन भाग २० किलो. तो बेदाण्याच्या ८५ टक्के धरला तर बेदाणा साडेतेवीस किलो. म्हणजे चाराला एकपेक्षा जरा कमीच पडतो, आणि साडेशहात्तर किलो पाणी हवेत जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला पुस्तकातल्या आकड्यानं ५४० कॅलरी लागतात. (हा आकडा १०० अंशांचा. शेडमधल्या तापमानाला तो थोडा वाढतो.) मुलांनी ४१ हजार किलोकॅलरी काढली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. शंभर किलो मालामागं एवढी उष्णता कोण देतं? चूल नाही, बॉयलर नाही. वारं देतं.

निघताना आप्पांच्या परवानगीनं शेडमध्ये एक डिजिटल हायग्रोमीटर टांगला. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, चारेकशे रुपयांचा. मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळी सात आणि दुपारी दोन. दरवेळी पडद्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, कारण वहीतला आकडा नंतर कुणी 'सुधारतं', फोटोत तसं होत नाही.

या फेऱ्यांत एक मुलगी सतत मागे असायची. वर्गात तिचा आवाज मी क्वचित ऐकला होता. तिची आई हंगामात बेदाणा निवडायला जाते आणि सुट्टीच्या दिवशी तीही आईबरोबर बसते. एका सकाळी तिनं जाळीवरचे पाचसहा मणी मुठीत दाबले, मूठ उघडली आणि म्हणाली, "बघा मॅडम, चिकटतोय. दुपारी असाच दाबला की सुटा ऱ्हातोय. हातालाच कळतंय." यंत्र जे टक्क्यांत सांगत होतं ते तिच्या हाताला आधीपासून माहीत होतं. मी दुपारी परत गेले आणि त्याच हाताची दुसरी क्लिप घेतली. फक्त हात, चेहरा नाही.

पहिली खेप, जी फसली

जूनमध्ये हीच मुलं दहावीत आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साहित्य तयार केलं होतं आणि मला त्याचा बराच अभिमान होता.

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या गेलिक भाषेच्या महाविद्यालयाशी जोडलेलं क्लिलस्टोअर नावाचं एक मोफत साधन आहे. शिक्षकानं व्हिडिओ आणि खाली मजकूर द्यायचा, मग मजकुरातल्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारली की शब्दकोश उघडतो. कल्पना सुंदर आहे. त्याच धर्तीवर मी एक पान केलं. वर शेडची क्लिप, खाली आर्द्रतेवरचा इंग्रजी उतारा, प्रत्येक शब्द ऑनलाइन शब्दकोशाला जोडलेला. वर्गातल्या मोठ्या पॅनलवर ते उघडलं आणि मुलांना एकेक करून पुढे बोलावलं.

पहिल्याच मुलानं 'रिलेटिव्ह' दाबलं. उत्तर आलं, नातेवाईक. दुसऱ्यानं 'ॲब्सोल्यूट' दाबलं. पूर्ण, निव्वळ, अनियंत्रित. 'सॅच्युरेटेड'ला, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही इतक्या भरलेल्या हवेला, संपृक्त. ज्या मुलानं दाबलं होतं तो संपृक्त हा शब्द तीनदा मोठ्यानं वाचून जागेवर गेला. तास संपला तेव्हा सतरा शब्दांचे अर्थ फळ्यावर होते आणि उताऱ्यातलं एकही वाक्य कुणाला सांगता येत नव्हतं.

त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक, मुलं नामांवरच टिचकी मारत होती. 'रिक्वायर्ड टू', 'ॲट अ गिव्हन टेंपरेचर', 'इन अ सर्टन व्हॉल्यूम' हे शब्द त्यांना ओळखीचे वाटले म्हणून ती पुढे गेली, आणि अडली ती नेमकी तिथेच. दुसरी गोष्ट लक्षात यायला मला आठवडा लागला आणि त्यात इंग्रजीच्या सरांचा हात मोठा आहे.

वाक्य उलटं चालतं

मी सरांकडे सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या घेऊन गेले आणि म्हटलं, यात अवघड काय आहे ते मला सांगा, शब्द सगळे मी शिकवलेत. त्यांनी पेन्सिलनं एका तुकड्याखाली रेघ ओढली : 'द व्हेपर रिक्वायर्ड टू मेक द एअर सॅच्युरेटेड.' म्हणाले, "हे मराठीत म्हणा."

मी म्हटलं, "हवा संपृक्त करण्यासाठी लागणारं बाष्प."

"बघा," ते म्हणाले, "मराठीत बाष्प शेवटी आलं. कसलं बाष्प ते आधी सांगून झालं, मग बाष्प. इंग्रजीत बाष्प आधी येतं आणि कसलं ते मागून लोंबतं. आपलं पोर 'द व्हेपर रिक्वायर्ड' इथपर्यंत वाचतं आणि त्याला वाटतं वाक्य झालं. बाष्पाला काहीतरी लागलं. बाष्पाला काय लागलं ते शोधत ते पुढे जातं आणि हरवतं."

पंधरा वर्षं मी ही व्याख्या शिकवते आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सरांनाही कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हाच तुकडा फळ्यावर लिहून 'हवा की बाष्प, कुणाला काय लागतंय?' असं विचारलं. निम्म्याहून अधिक हात 'बाष्पाला लागतंय' म्हणून वर आले. शब्द येत असूनही अर्थ उलटा लागत होता. मग तोच तुकडा घरच्या मालावर आणला. 'द बॉक्सेस रिक्वायर्ड टू पॅक द रेझिन्स.' कुणाला काय लागतंय? हशा झाला. बॉक्सला काही लागत नाही, बॉक्सच लागतात. बेदाणा भरायला लागणारे बॉक्स. हवा भरायला लागणारं बाष्प. तिथून पुढे 'रिक्वायर्ड टू' वर्गात कुणाला अडलं नाही.

दुसरी खेप

आता साहित्य वाक्याभोवती बांधलं. एचफाइव्हपी हे व्हिडिओत प्रश्न घालून धडे बनवायचं साधन वापरलं, कारण ते मोफत आहे आणि लुमी हे ॲप संगणकावर घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, नेट तर त्याआधी जातं.

सुरुवात आप्पांच्या क्लिपनं, मराठीत. 'ऊन न्हाई, वारं लागतंय' इथे व्हिडिओ आपोआप थांबतो आणि प्रश्न येतो : कोरडं वारं काय करतं? उत्तर मराठीत, आपल्या बोलीत द्यायचं. इथे मी इंग्रजीची सक्ती मुद्दाम ठेवली नाही. आधी विचार पक्का होऊ दे, मग कपडे बदलू दे त्याला. मग हाताच्या दोन क्लिपा, सकाळची आणि दुपारची, शेजारी शेजारी, आवाज बंद. आता मुलांनी इंग्रजीत बोलायचं, पण मोकळ्या मैदानात नाही. पडद्यावर सांगाडा असतो : 'ॲज द ... इन्क्रीजेस, द ... डिक्रीजेस.'

हा सांगाडा निवडताना मला मुलांची भाषाच उपयोगी पडली. 'ऊन चढंल तसं मणी सुटा हुतोय', 'आभाळ येईल तसं आप्पांचा जीव खाली-वर हुतोय'. 'जसजसं-तसतसं' ही रचना त्यांच्या तोंडात तयार होती. 'ॲज' म्हणजे तेच 'तसं', एवढं एकदा सांगितलं आणि मुलं धडाधड वाक्यं करू लागली. काही शास्त्राची, काही आईच्या रागाची. मी दोन्ही चालू दिली.

त्यानंतर वाक्याचे तुकडे ओढून जुळवायचे, लांब व्याख्येचे. 'रिक्वायर्ड टू' चा तुकडा वेगळ्या रंगात. आणि शेवटी जिओजेब्रामध्ये, म्हणजे हलत्या आकृत्या काढायच्या ॲपमध्ये, केलेली एक घागर. घागर म्हणजे हवेत बाष्पाला असलेली जागा. खाली तापमानाची पट्टी सरकवायची, घागर लहान-मोठी होते. आतलं पाणी तेवढंच राहतं.

या घागरीबद्दल इथे एक खुलासा केला पाहिजे, वर्गातही केला. हवा पाणी 'धरते' ही बोलण्याची सोय आहे. हवा नसती तरी त्या तापमानाला त्या जागेत तेवढंच बाष्प मावलं असतं. ते तापमानावर ठरतं. पण दहावीच्या पायरीला घागर पुरते, आणि ती कशासाठी आहे हे सांगून वापरली तर खोटी ठरत नाही.

सकाळचे ७० आणि दुपारचे २८

हा भाग सांगायला मला सगळ्यात आवडतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बाहेर पाऊस लागलेला असताना, मार्चमधल्या एका दिवसाचे दोन फोटो पॅनलवर ठेवले. सकाळी सात : २० अंश, आर्द्रता ७० टक्के. दुपारी दोन : ३५ अंश, २८ टक्के. विचारलं, दुपारी हवेतलं पाणी कुठं गेलं?

जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, उन्हानं आटलं. ७० चे २८ झाले म्हणजे पाणी कमी झालं, यात कुणाला शंका नव्हती.

मग तक्ता दिला. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७.३ ग्रॅम बाष्प मावतं, ३५ अंशांना ३९.६ ग्रॅम. सकाळचं पाणी काढा. १७.३ चे ७० टक्के, १२.१ ग्रॅम. आता समजा दुपारीही पाणी तेवढंच आहे, १२.१. टक्के काढा.

साडेतीस आले. पहिल्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मॅडम, पाणी तेवढंच हाय! घागर मोठी झाली!"

गणित साडेतीस म्हणतं आणि यंत्र २८, हा फरक एका मुलानं सोडला नाही. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही, वर्गातच चर्चा झाली. स्वस्त यंत्र चारपाच टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. दुपारी वारं बदललं असेल, थोडी कोरडी हवा आली असेल. दोन्ही कारणं मुलांनी काढली. त्यांना इंग्रजीत मांडताना 'मे' आणि 'माइट' ची गरज पडली, जी तोपर्यंत मी शिकवलीच नव्हती. शिकता शिकता गरज पडणारी भाषा ती हीच. त्या क्षणी शिकवली, दहा मिनिटांत.

मग वर्गातल्या भिंतीवरच्या हायग्रोमीटरकडे बोट दाखवलं. २५ अंश, ८८ टक्के. २५ अंशांना २३ ग्रॅम मावतं, त्यातले २०.२ भरलेले. जागा उरली २.८ ग्रॅम. मार्चच्या दुपारी ३९.६ मधले २८ टक्के, म्हणजे ११.१ भरलेले. जागा साडेअठ्ठावीस ग्रॅम. दहापट.

ज्या मुलीनं मूठ दाबून दाखवली होती ती उठली, फळ्याजवळ आली, आकडे बघितले आणि इंग्रजीत म्हणाली, "इन मार्च एअर हॅज मोर प्लेस, सो ग्रेप गिव्ह वॉटर." 'प्लेस'च्या जागी 'रूम' हवं, 'गिव्ह'ला एस हवा. मी ते त्या वेळी सांगितलं नाही. तिच्या तोंडून वर्गात आलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य होतं आणि ते शास्त्र म्हणून बरोबर होतं.

घरचा मोबाइल

घरी करायचं काम आखताना मला माझ्या कल्पना बऱ्याच आवराव्या लागल्या. घरचा मोबाइल वडिलांचा असतो, तो रात्री आठनंतर हाती येतो, आणि तेव्हा लहान भावंडंही त्याच्यासाठी रांगेत असतात. मोठे व्हिडिओ नेटपॅक खातात. म्हणून एक ऑडिओ, एक मिनिटाच्या आत, व्हॉट्सॲपवर. मी एक प्रश्न विचारते, मुलांनी दोन वाक्यांत बोलून उत्तर पाठवायचं, लिहून नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचं साहित्य मुलं बघतात, पण ते ऐकण्या-बघण्याचं आहे. मला मुलांचा आवाज परत हवा होता.

बोलून उत्तर देण्याचा एक परिणाम मी धरला नव्हता. मुलं पाठवण्याआधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकतात, पटलं नाही तर पुसून पुन्हा बोलतात. एका मुलानं सांगितलं, नऊ वेळा केलं. वर्गात हात वर करून नऊ वेळा कोण बोलू देणार त्याला?

आक्षेप

एका पालकांनी शाळेत येऊन विचारलं, "सेमीला घातलंय पोराला, मग मराठीत का शिकवताय?" प्रश्न रागाचा असला तरी मुळात काळजीचा होता. मी त्यांना मुलाचं पहिल्या आठवड्यातलं आणि चौथ्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकवलं. त्यांनी दुसरं पुन्हा लावायला सांगितलं.

इंग्रजीच्या सरांची तक्रार वेगळी आणि रास्त होती. मी चुका चालू देते, त्या पक्क्या होतात, आणि मग त्यांना खणून काढाव्या लागतात. आम्ही तोडगा काढला. बोलताना मी थांबवणार नाही, पण दर शनिवारी सर आठ-दहा रेकॉर्डिंगमधली वाक्यं घेऊन त्यांच्या तासाला त्यावर काम करतील. त्यांच्या तासाला आता विज्ञानाची वाक्यं येतात. त्यांना ते सुरुवातीला जड गेलं. 'सॅच्युरेटेड'चा नेमका अर्थ विचारायला ते स्टाफरूममध्ये माझ्याकडे येतात आणि मी 'हॅज बीन' विचारायला त्यांच्याकडे जाते.

वेळेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. या एका घटकाला ठरलेल्या तासांच्या जवळजवळ दुप्पट तास गेले. पुढच्या दोन धड्यांत मला घाई करावी लागली आणि ती मुलांना जाणवली. प्रत्येक घटकासाठी असं साहित्य कुठलाही एकटा शिक्षक करू शकणार नाही, करायचीही गरज नाही. माझ्या मते वर्षाला तीन घटक निवडावेत, जिथे भाषा आणि विषय एकमेकांत सगळ्यात जास्त गुंतलेत असे.

लेखन

सहामाहीला मी तोच कपड्यांचा प्रश्न पुन्हा घातला. बहुतेक मुलांच्या उत्तरात कपडे होते, हवा होती आणि कारण होतं. व्याख्या उतरवून सोडून देणारी मुलं कमी झाली. पण लिखाण बोलण्याच्या मागे राहिलं, बरंच मागे. जी मुलं रेकॉर्डिंगमध्ये चार वाक्यं सरळ बोलतात त्यांच्या कागदावर क्रियापदं गायब होतात आणि 'ह्युमिडिटी'चं स्पेलिंग दर ओळीला बदलतं. आपण बोललो की लिहिता येईल असं मी मनात धरलं होतं, ते चूक होतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक दाखवला होता आणि दुसरी यायला वर्षं लागतात हे सांगितलं होतं. मी ते वाचलं होतं. वर्गात लागू करायला विसरले.

आता एक बदल चालू आहे. मुलं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून ते जसंच्या तसं कागदावर उतरवतात, मग जोडीदार ते मोठ्यानं वाचतो, आणि जिथे वाचताना अडखळतो तिथे दोघं मिळून दुरुस्त करतात. गुण अजून फारसे हललेले नाहीत. पण कागदावरचं वाक्य आता त्यांचं स्वतःचं असतं, आणि चूक त्यांना ऐकू येते.

येत्या फेब्रुवारीत नवी नववी घेऊन आप्पांच्या शेडवर जायचं ठरलंय. या वेळी दोन हायग्रोमीटर नेणार आहोत, एक सगळ्यात खालच्या जाळीजवळ आणि एक पत्र्याखाली. गेल्या वेळी आपण नेमका कुठल्या थराचा आकडा घेतला हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं, ही चूक दहावीच्या मुलांनीच काढली. नववीला ती कशी समजावून सांगायची याचं इंग्रजीतलं रेकॉर्डिंग त्यांनी आधीच करून दिलंय, एक मिनिट दहा सेकंदांचं.